बेडफर्ड येथील युद्धस्मारकास भेट : सभासदांसाठी स्मरणसूचना

सर्व सभासदांना स्मरण देण्यात येते की, मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे मेमोरियल डे (युद्धात मरण पावलेल्या अमेरिकन सैनिकांच्या स्मरणाचा दिवस) रोजी, आपण व्हर्जिनियातील बेडफर्ड येथे जाणार आहोत. तेथील न्यायालयाच्या आवारातील स्मारक हे ६ जून १९४४ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर जर्मन सैन्याविरुद्ध उतरलेल्या अमेरिकेच्या ११६व्या पायदळ रेजिमेंटच्या ‘ए’ कंपनीतील स्थानिक जवानांचे आहे. त्या वेळी सुमारे तीन हजार वस्ती असलेल्या या गावाने त्या एका दिवशी इतके तरुण गमावले, की ‘डी-डे’चे, म्हणजे ६ जूनच्या त्या चढाईचे, राष्ट्रीय स्मारकही २००१ मध्ये येथेच उभारले गेले. ते भव्य स्मारक आपण दुपारी पाहू. परंतु आधी न्यायालयापाशीच थांबावे, असा माझा आग्रह आहे, कारण ही माणसे याच रस्त्यांवर लहानाची मोठी झाली. सोबत फुले आणावीत, मुलांनाही अवश्य आणावे आणि स्मारकापाशी शांतता राखावी, ही विनंती.