चाक ‘अचानक’ मोडत नाही

संपादक महोदय,

छोटे विमान उतरताना पुढचे चाक मोडले आणि नाक घासत धावपट्टीवर थांबले, की बातमीत एक ठरलेले वाक्य येते : ‘तांत्रिक बिघाडामुळे चाक तुटले.’ कधी तसे होतेही. पण सेसना 172 सारख्या एका इंजिनाच्या, तीन चाकांच्या विमानात पुढचे चाक मोडते ते बहुधा विमान आपटून उसळल्यामुळे. त्या उसळीचे मूळ चाकात नसते, आधीच्या दीड-दोन किलोमीटरमध्ये, फायनलवरच्या, म्हणजे पट्टीच्या रेषेत येऊन उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या, वेगात असते.

सेसना 172 एसच्या माहितीपुस्तिकेत फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, कमी वेगात उचल वाढवणाऱ्या झडपा) खाली असताना फायनलवर 60 ते 70 नॉट (ताशी सागरी मैल) वेग दिला आहे, आखूड पट्टीसाठी 61. शिकाऊ वैमानिक (आणि मुरलेलेही) ‘असू दे हाताशी थोडा’ म्हणून 75 ठेवतात. जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे 61 च्या जागी 75 म्हणजे दीडपट ऊर्जा. त्यात पंखांच्या एकूण लांबीच्या निम्म्याहून खाली आल्यावर जमिनीच्या जवळिकीने हवेचा रोध घटतो आणि विमान खाली बसायलाच तयार होत नाही. या वेगाला दर सेकंदाला 30 मीटरहून जास्त पट्टी मागे पडते. पाच सेकंद तरंगले की दीडशे मीटर गेले.

मग पट्टीचे टोक जवळ आलेले दिसते आणि योक (नाक वर-खाली करणारे हातातले सुकाणू) पुढे ढकलला जातो. विमान अजून उडण्याच्या वेगात असताना पुढचे चाक आधी टेकते. वजनाचा मध्य त्या चाकाच्या मागे असल्याने नाक वर फेकले जाते, पंखांना हवेचा कोन जास्त मिळतो आणि विमान पुन्हा वर. वैमानिक नाक खाली दाबतो, पण त्याचा हात विमानाच्या अर्धा ठेका मागे असतो, म्हणून पुढचा आपट आणखी जोराचा बसतो. दोन-तीन उसळ्यांत चाकाचा खांब वाकतो, प्रोपेलर पट्टीला लागतो, फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) सुरकुत्या पडतात. प्रोपेलर लागला की इंजिन उघडून तपासणे आलेच.

‘लोण्यासारखे उतरले’ हे कौतुकही मला फसवे वाटते. जास्त वेगाने, पट्टीचा अर्धा भाग खाऊन अलगद टेकलेले विमान चांगले उतरले असे कोणीही जाणकार म्हणणार नाही.

नीट उतरणे असे असते. पट्टीवरचा एक ठिपका धरायचा. तो काचेत वर सरकत असेल तर विमान अलीकडे पडणार, खाली सरकत असेल तर पलीकडे जाणार. जागचा हलत नसेल तर उतार बरोबर. साधारण 10 ते 20 फुटांवर नजर ठिपक्यावरून उचलून पट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यायची, कारण जवळ पाहिले की उंचीचा अंदाज चुकतो. थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) बंद. त्यानंतर विमानाला ‘उतरवायचे’ नाही, उतरू द्यायचे नाही : ते खाली बसू लागेल तसा योक थोडा थोडा मागे. शेवटी स्टॉलचा (पंखांची उचल सुटत आल्याचा) भोंगा कुरकुरतो आणि मागची दोन चाके टेकतात. योक तेव्हाही मागेच. वेग उतरला की पुढचे चाक आपोआप खाली येते. अरुंद पट्टीवर आपण आहोत त्यापेक्षा उंच वाटतो आणि फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलायला) उशीर होतो. रुंद पट्टीवर नेमके उलटे.

वारा बाजूचा असेल तर वाऱ्याकडचा पंख एलेरॉनने (विमान कलते करणाऱ्या पंखांवरच्या झडपांनी) खाली आणि नाक रडरने (पायाने चालवायच्या शेपटीवरच्या सुकाणूने) पट्टीच्या रेषेत. वाऱ्याकडचे चाक आधी टेकणार, ते बरोबरच आहे. टेकल्यावर एलेरॉन सोडून देणे ही नेहमीची चूक. वेग घटेल तसा तो वाऱ्याच्या दिशेने वाढवत न्यायचा असतो. 20 नॉटचा वारा पट्टीच्या रेषेशी 30 अंशांतून आला तर बाजूचा भाग 10 नॉट. पाठीमागचा वारा मात्र कमी लेखू नये. त्याच पुस्तिकेनुसार समोरच्या दर 9 नॉटना उतरण्याचे अंतर 10 टक्के घटते, पण पाठीमागच्या दर 2 नॉटनाच 10 टक्के वाढते.

छोटी उसळी असेल तर नाक उतरण्याच्या स्थितीत तसेच धरून, किंचित शक्ती देऊन पुन्हा टेकता येते. मोठी असेल तर गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) : थ्रॉटल पूर्ण, कार्बुरेटरचे इंजिन असल्यास कार्ब हीट (कार्बुरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून दिलेली गरम हवा) बंद, फ्लॅप 20 अंशांवर, वेग 60 नॉट. उरलेले फ्लॅप विमान चढू लागल्यावरच उचलायचे. सगळे एकदम उचलले तर विमान खाली बसते. ट्रिम (योकवरचा दाब हलका करणारी जुळणी) उतरण्यासाठी लावलेला असतो, त्यामुळे शक्ती देताच नाक जोरात वर जाते. ते दाबून धरावे लागते, उजव्या पायाने रडरही द्यावा लागतो.

तेव्हा आपल्या बातमीदारांना विनंती : पुढच्या वेळी चाकाबरोबर एवढेही विचारावे, की वारा किती आणि कुठून होता, चाके पट्टीच्या कितव्या मीटरवर टेकली आणि विमान किती वेळा उसळले.

– एक उड्डाण प्रशिक्षक