सौरवादळ: आधी न्यूट्रलमधला करंट मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सौरवादळाची, म्हणजे सूर्यातून सुटलेला भारित वायूचा लोट पृथ्वीवर आदळणार असल्याची, बातमी आली की मोबाइल बंद पडणार, टीव्ही जळणार असे मथळे झळकतात. घरातल्या उपकरणांना त्यातून थेट धोका नाही. गल्लीतल्या 11 केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरलाही नाही, कारण त्याची उच्चदाब बाजू डेल्टात (जमिनीशी न जोडलेल्या त्रिकोणी जोडणीत) असते आणि वाहिनी आखूड असते. धोका आहे तो शेकडो किलोमीटर लांबीच्या 400 आणि 765 केव्ही वाहिन्यांच्या टोकांशी बसलेल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरना. महाराष्ट्रात त्यासाठी काय करता येईल, हे मात्र क्वचितच छापून येते. म्हणून हे पत्र.

वादळात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलते आणि जमिनीत विद्युतदाब निर्माण होतो. वाहिनीच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल (तिन्ही फेजचा सामाईक बिंदू) अर्थ केलेला, म्हणजे जमिनीशी जोडलेला असल्याने वर्तुळ पूर्ण होते आणि करंट वाहू लागतो. तो इतका संथ बदलतो की 50 हर्ट्झच्या यंत्रणेला तो डीसीच (एकाच दिशेने वाहणारा करंट) वाटतो. 765 केव्हीची 300 किलोमीटरची वाहिनी घ्या. तिन्ही फेज समांतर धरले, वाइंडिंग आणि दोन्हीकडचे अर्थिंग मिळवले, तर एकूण रोध जेमतेम 2 ओहम भरतो. दर किलोमीटरला 0.2 व्होल्ट दाब आला तर 60 व्होल्ट होतात, म्हणजे न्यूट्रलमध्ये 30 अँपियर, प्रत्येक फेजला 10. हा आकडा किरकोळ वाटेल, कारण 1,500 एमव्हीए क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मर बँकेचा (संचाचा) पूर्ण भाराचा करंट 1,100 अँपियरच्या वर असतो. पण कोअर (ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा) चुंबकित ठेवायला लागणारा करंट एखाद-दोन अँपियरच असतो. त्यात 10 अँपियर डीसी मिसळला की प्रत्येक आवर्तनाच्या एका अर्ध्या भागात कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी चुंबकीय प्रवाह सामावू शकत नाही. चुंबकीय प्रवाह कोअरबाहेर सांडून टाकी आणि क्लॅम्प तापवतो, सम-विषम हार्मोनिक्स (50 हर्ट्झच्या पटीतल्या नको असलेल्या लहरी) वाढतात, रिॲक्टिव्ह पॉवरची (व्होल्टेज टिकवायला लागणाऱ्या शक्तीची) मागणी उसळते. उभ्या उभ्या कळणारी खूण म्हणजे आवाज: नेहमीचा 100 हर्ट्झचा घुमारा जाऊन खाली 50 हर्ट्झची खरखर येते. आपल्याकडच्या 765 केव्ही बँका सिंगल-फेज युनिट्सच्या आहेत, आणि डीसीला सर्वांत लवकर बळी पडणारी रचना नेमकी तीच.

13 मार्च 1989 ला क्युबेकचे जाळे दीड मिनिटात कोसळले आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. तिथे आधी ट्रान्सफॉर्मर जळाले नव्हते. हार्मोनिक्समुळे सात स्टॅटिक व्हार कॉम्पेन्सेटर (व्होल्टेज सावरणारी साधने) त्यांच्याच संरक्षक रिलेंनी (बिघाड दिसताच जोडणी तोडणाऱ्या साधनांनी) एका मिनिटाच्या आत बंद पाडले. व्होल्टेज सावरणारे कोणी उरले नाही. 30 ऑक्टोबर 2003 ला स्वीडनच्या माल्मो शहराची वीज गेली, तीही तिसऱ्या हार्मोनिकला अवाजवी संवेदनशील असलेल्या एका रिलेमुळे. म्हणून आमच्या मते पहिले काम रिले सेटिंगचे आहे. कपॅसिटर बँक आणि फिल्टरचे संरक्षण हार्मोनिक्सने फसते का, हे प्रत्येक अतिउच्चदाब उपकेंद्रात तपासावे. यासाठी नवीन यंत्र लागत नाही.

आपण विषुववृत्ताजवळ आहोत, आपल्याला काय होणार, असे म्हटले जाते. धोका कॅनडापेक्षा कमी आहे, हे खरेच. पण 2 सप्टेंबर 1859 ला कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद आहे. तिची तासाची सरासरी काढली तरी मे 2024 च्या वादळाच्या दुपटीच्या आसपास भरते. ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने घसरणीपेक्षा तिचा वेग महत्त्वाचा, आणि तो आजही अलिबागला मोजला जातो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ती वेधशाळा 1904 मध्ये तिकडे हलवली गेली. क्षेत्राची नोंद आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षांची आहे. त्याला जोडून पाहायला न्यूट्रलची नोंद हवी.

त्यासाठी हॉल-इफेक्ट सेन्सर (चुंबकीय क्षेत्रावरून करंट मोजणारा) लागतो, कारण नेहमीचा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) डीसी मोजू शकत नाही. आपल्याकडे न्यूट्रल दोन स्वतंत्र पट्ट्यांनी अर्थ केलेला असतो. एकाच पट्टीवर सेन्सर अडकवला तर साधारण निम्माच करंट दिसेल आणि अहवालात सगळे आलबेल येईल. दोन्हींवर बसवून बेरीज करावी, किंवा फाटा फुटण्याआधी एकच बसवावा. सेकंदाला एक नोंद, जीपीएसची वेळ, आणि आकडा थेट भारप्रेषण केंद्राच्या पडद्यावर. जागा निवडताना वाहिन्यांच्या टोकाची आणि कोपऱ्याची उपकेंद्रे आधी घ्यावीत. मधल्या उपकेंद्रात एका बाजूने आलेला करंट दुसऱ्या बाजूने पुढे निघून जातो. चंद्रपूर–पडघेसारख्या एचव्हीडीसी (अतिउच्चदाब डीसी) वाहिनीच्या दोनपैकी एक पोल बंद पडून करंट जमिनीतून परततो, तेव्हाही जवळच्या न्यूट्रलमध्ये डीसी शिरू शकतो. हा खर्च सौरवादळापुरता नाही.

न्यूट्रलमध्ये कपॅसिटर घालून डीसी अडवण्याची साधने बाजारात आहेत. ती इतक्यात घेऊ नयेत. एका ठिकाणी अडवलेला करंट शेजारच्या उपकेंद्रात शिरतो, शिवाय फॉल्टच्या वेळी बायपास मिलिसेकंदांत चालला नाही तर न्यूट्रलचे इन्सुलेशन जाते. कुठे अडवायचे हे दोन-तीन वादळांच्या नोंदीनंतरच ठरवता येईल.

इशाऱ्याचा वेळ आपल्या हाताशी आहे. सूर्यापासून लोट यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरच्या आदित्य-एल1 या भारतीय यानाजवळून तो गेल्यावर अर्धा-पाऊण तास, वेगवान असेल तर त्याहूनही कमी. पहिल्या टप्प्यात नियोजित आउटेज (देखभालीसाठी वाहिन्या बंद ठेवणे) रद्द करून वाहिन्या परत जोडाव्यात आणि रिॲक्टिव्ह पॉवरचा साठा मोकळा ठेवावा. दुसऱ्या टप्प्यात, लोटातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल तर, मोठ्या कॉरिडॉरवरचा भार उतरवावा. न्यूझीलंडमध्ये मे 2024 ला काही वाहिन्या आधीच बंद करून ट्रान्सफॉर्मर वाचवण्याची खबरदारी घेतली गेली. कोणती वाहिनी काढायची हे त्यांनी अगोदर अभ्यासून ठेवले होते. वादळ सरल्यावर तेलातील वायूंची चाचणी आठवड्याभरात आणि पुन्हा महिन्याने करावी. हायड्रोजन, मिथेन, इथिलीन वाढले असतील तर आतला भाग तापल्याची ती खूण. असे युनिट लगेच बंद पडेलच असे नाही, पण नवे मिळायला वर्ष सहज जाते.

सध्याच्या सौरचक्राची कमाल 2024 मध्ये येऊन गेली. पण 2003 ची मोठी वादळे चक्र उतरणीला लागल्यावरच आली होती. महापारेषणने रिले तपासणी यंदाच्या वार्षिक देखभालीत घ्यावी, आणि सेन्सरचा खर्च पुढच्या भांडवली प्रस्तावात नियामक आयोगापुढे ठेवावा.

– अतिउच्चदाब पारेषणातील दोन निवृत्त अभियंते, नवी मुंबई