काकांची रॅले

पुणे, रविवार

प्रिय दोस्ता,

काकांची सायकल दुरुस्त करण्यासारखी आहे का, असं तू विचारलंस, म्हणून काल वाड्यावर जाऊन आलो. काकांची रॅले जिन्याखालून ओढून काढली. सोबत अर्धं पोतं कबुतरांची पिसं निघाली, ती मेहनत तुझ्या खात्यावर मांडलीय.

तुला काळजी दोनच गोष्टींची: गंज, आणि मागच्या आसापाशी कुणीतरी मारलेलं ते ओबडधोबड वेल्डिंग. दोन्ही सोडून दे. दाभणाने नळ्या टोचून पाहिल्या, बीबीच्या (पॅडलचा आस बसतो त्या आडव्या नळीच्या) खालून तर जास्तच, कारण पाणी तिथेच साचतं. दाभण कुठेच आत गेला नाही. वेल्डिंग दिसतं मुंग्यांच्या वारुळासारखं, पण मागचा आस धरणाऱ्या जाड पट्टीवर आहे, टिकेल. मागच्या एका पट्टीपासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या पट्टीपर्यंत दोरा ताणला. सीटच्या नळीपासून दोरा डावीकडे ३० मिलिमीटर, उजवीकडे ३४. एवढा फरक वाकवून निघतो.

खरं दुखणं वेगळंच आहे. हँडलकडून बीबीकडे उतरणारी तिरकी नळी, तिच्या खालच्या अंगाला, हँडलकडच्या जोडापासून दोन बोटांवर. डोळ्यांना दिसलं नाही, हात फिरवताना अंगठ्याला सुरकुती लागली. मग बॅटरी मारली तर रंगाला आडव्या बारीक चिरा. अशी सुरकुती समोरून धडक बसल्यावर पडते. पण पुढचं चाक धरणारा चिमटा तर सरळ! नीट पाहिलं, तर चिमट्याला रॅलेच्या त्या दोन चकचकीत टोप्याच नाहीत. आठव आता, दहावीतली टिळक रोडवरची रिक्षा. गुपचूप चिमटा बदलून आणलास आणि काकांना 'पडलो' एवढंच सांगितलंस. नळीकडे कुणी पाहिलंच नाही.

ती वाकवून सरळ करू, असं म्हणू नकोस. सुरकुतलेली नळी उलटी वाकवली की तिथेच तडकते. बदलता मात्र येते, कारण जोडात ती पितळेने बसवलेली असते. जोड गॅसवर तापवायचा, पितळ वितळलं की जुनी काढून नवी घालायची. ब्रेझिंगवाला, म्हणजे असे पितळेचे जोड करणारा, २५०० म्हणाला. वर हेही म्हणाला की तेवढ्यात फ्रेमच नवी घ्या. पण रॅलेच्या बीबीचे आटे इंचाला २६, इतर बहुतेक इंग्लिश सायकलींचे २४. आपले कप, म्हणजे बीबीत आट्यांनी बसणाऱ्या वाट्या, इतर बहुतेक फ्रेममध्ये जाणार नाहीत. मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, स्टर्मी-आर्चर कंपनीचा, तीन गिअरचा, त्यावर ५२ कोरलंय. हब १९५२ चा धरू, फ्रेमही त्याच सालची असेलच असं नाही, चाकं बदलली जातात.

अडचण एकच. काकांनी पांढऱ्या ऑइलपेंटने नाव घातलंय ते नेमकं त्याच नळीवर. शेवटच्या अक्षराला ब्रश घसरून आलेला ओघळसुद्धा आहे. गॅस लागला की रंग जळणार.

भिंतीला टांगायची असेल तर गंज पुस, तेल लाव, बाकी काही करू नकोस. चालवायची असेल तर नळी बदलायलाच हवी. मी बदलली असती. काकांनी ती शोभेला कधी ठेवलीच नव्हती, चाळीस वर्षं तिच्यावर कामाला गेले. मी ब्रेझिंगवाल्याला विचारून ठेवलंय: नळी आधी दोन्हीकडून हॅकसॉने कापून घे, मग उरलेले तुकडे जोडातून वितळवून काढ. म्हणजे नाव शाबूत राहील. हो म्हणाला, थोडा वैतागून.

वाडा १५ तारखेपर्यंत रिकामा करायचाय, तेव्हा शुक्रवारच्या आत कळव. पॅडलचे दांडे आसाला धरणाऱ्या कॉटर पिनांना रॉकेल पाजून ठेवलंय. डावी हलली, उजवी अजून हटून बसलीय.

तुझाच

ता. क. कशाने वाकली, असं काकूंनी विचारलं. गंजाने, म्हणालो.