‘ड्रम सेट, 1 नग’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव दोन महिन्यांवर आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाद्यांच्या दुकानांत मंडळे, बँजो पार्ट्या आणि शाळा यांची ये-जा सुरू होते. कोटेशन मागवले जाते. त्यात ओळ एकच असते : ‘ड्रम सेट, 1 नग’. मग ड्रमचा रंग कुठला, टॉम (छोटे ड्रम) किती, सिम्बल (झांजा) किती यावर तासभर खल होतो आणि बेस ड्रमचे, म्हणजे जमिनीवरचा मोठा ड्रम पायाने वाजवायचे, पेडल खोक्यातून जे निघेल ते मुकाट्याने घेतले जाते. स्वस्त सेटमध्ये खर्च वाचवायची दुकानदाराची आणि कारखान्याची पहिली जागा तीच. टॉम हलका निघाला तर आवाज जरा पत्र्यासारखा येईल, चालून जाते. पेडल वाईट असेल तर ठेकाच मागे पडतो, आणि शिकणाऱ्या पोराला वाटते आपलाच पाय जड आहे.

दुकानात पेडल काउंटरवर ठेवून हाताने दाबून बघण्याला काही अर्थ नाही. 22 इंची बेस ड्रमला लावून द्यायला सांगा. आधी पायाखालच्या पाटीची टाचेकडची बिजागरी धरून आडवी हलवा. तिथे खडखड असेल तर बीटर, म्हणजे ड्रमवर आदळणारा ठोकळा, दर ठोक्याला वेगळ्या जागी पडणार. मग बीटरचा दांडा धरून डावी-उजवीकडे ओढा. बीटर ज्यावर बसतो तो आडवा दांडा बुशात, म्हणजे तो ज्या कडीत फिरतो तिच्यात, हलला, तर वर्षभरात तो आणखी हलणार हे धरून चाला. तिसरी परीक्षा सर्वांत सोपी. बीटर हाताने हेडपर्यंत, म्हणजे ड्रमच्या पडद्यापर्यंत, आणा आणि सोडून द्या. चांगल्या बेअरिंगचे पेडल झोपाळ्यासारखे बराच वेळ मागे-पुढे होत राहते. दोन-तीन हेलकाव्यांतच थांबले, तर कुठेतरी घासतेय. ते घासणे पुढे रात्रभर तुमच्या पोटरीला भरावे लागते.

आपल्याकडची एक गोष्ट कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसते. मूर्तीसमोर मंडपात बूट-चपला चालत नाहीत, म्हणजे वाजवणारा अनवाणी असतो. दुकानात मात्र पेडल पाहिले जाते ते बूट घालून. पाटीवर उठावाची जाळीदार नक्षी असेल तर बुटाला ती पकड देते, पण उघड्या तळव्याला अर्ध्या तासात सोलून काढते. टाचपट्टीवरचे स्क्रू वर आलेले असतील तर टाच घासते. तेव्हा दुकानात बूट काढा, नुसत्या पायाने पाच मिनिटे सलग वाजवा. मोजे घालून नको, गुळगुळीत पाटीवर पाय पुढे सरकतो.

पाटी आणि बीटर यांना जोडायला चेन, पट्टा की सळी, हा प्रश्न हमखास येतो. पट्ट्याचे पेडल हलके आणि बिनआवाजी. सळीचे, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह, पायाला सर्वांत जवळचे. मध्ये ढिलाई अशी नसतेच. पण ते महाग, आणि सांधा झिजला तर सुटा भाग लगेच मिळेलच असे नाही. मंडळाला किंवा शाळेला, जिथे एका पेडलवर दहाजण पाय ठेवणार, तिथे चेनच बरी. दुहेरी चेन आडवी कमी डुलते, एकेरी थोडी हलकी लागते. नवशिक्याला हा फरक कळत नाही, त्यात वेळ घालवू नये. चेन ज्या चाकावरून फिरते त्या कॅमचा आकार मात्र पाहावा. पूर्ण गोल कॅम पायाला शेवटपर्यंत सारखा लागतो. लंबगोल कॅम शेवटी बीटरला झटका देतो, आवाज मोठा निघतो, पण हळू वाजवताना तोल सांभाळावा लागतो. पर्लच्या एलिमिनेटरसारख्या पेडलांत कॅम बदलता येतात. शिकणाऱ्याला गोल कॅमच द्यावा.

बेस प्लेट, म्हणजे पेडलखालची सलग पट्टी, नसलेली पेडले, उदाहरणार्थ यामाहाचे एफपी 7210 ए, हलकी असतात, घडी होऊन पिशवीत मावतात. चर्चमध्ये किंवा हॉलमध्ये, सपाट जमिनीवर, ती उत्तम. मंडपातल्या प्लायवूडची फळी मात्र कधी सपाट नसते, आणि ट्रॉलीवर तर विचारायलाच नको. अशा पेडलची टाचपट्टी पुढच्या भागाला जाड तारेच्या दोन दांड्यांनी जोडलेली असते. टेंपोत त्यावर स्पीकर पडला की तार वाकते आणि ऐनवेळी भोकातून निसटते. मंडळाने बेस प्लेटचेच घ्यावे, वजन थोडे जास्त झाले तरी.

आता जोडणी, कारण निम्म्या तक्रारी इथल्याच. बेस ड्रमचे पुढचे पाय असे लावा की पुढचे हूप (ड्रमच्या काठाचे कडे) जमिनीपासून इंचभर उचललेले राहील आणि पेडल जमिनीला पूर्ण टेकेल. पेडल एका बाजूने अधांतरी असेल तर चेन तिरपी ओढली जाते. पेडल हुपाला धरणाऱ्या क्लॅम्पच्या जबड्याला रबर नसेल तर हुपावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला; लाकडी हूप क्लॅम्पने चावून चावून सोलपटते. क्लॅम्प कसायचा स्क्रू बाजूला असलेले पेडल मिळाले तर तेच निवडा, ड्रमखाली आडवे पडून चाचपडावे लागत नाही. बीटर हेडपासून साधारण 45 अंश मागे ठेवून सुरुवात करावी. 22 इंची ड्रमवर ठोका मध्यावर, म्हणजे काठापासून 11 इंचांवर पडतो. 18 इंची ड्रमवर तोच बीटर फार वर लागतो. मग लोक दांडा खाली ओढतात आणि दांड्याचे शेपूट पाटीवर नाहीतर पायाच्या बोटांवर आदळते. तिथे ड्रमच उचलून घेणारा रायझर लावतात.

स्प्रिंगबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे : जितकी कसलेली, तितका आवाज मोठा. स्प्रिंगचे काम बीटरला मागे आणण्याचे. आवाज येतो पायाच्या वजनातून आणि बीटरमधून. गच्च कसलेल्या स्प्रिंगशी विसर्जनाच्या रात्रभर झुंजले की पहाटे पोटरीत गोळे येतात, आणि स्प्रिंग तुटते तीही हुकाच्या वळणावर, कारण ताण तिथेच साठतो. ढिली ठेवून सुरू करा आणि बीटर पायाबरोबर परत येईपर्यंत अर्धा-अर्धा फेरा कसत जा. टाच उचलून वाजवणाऱ्याला थोडा जास्त ताण लागतो, टाच टेकून वाजवणाऱ्याला कमी. बहुतेक पेडलांत स्प्रिंगखाली दोन नट असतात. एक ताण ठरवतो, दुसरा पहिल्याला जखडतो. दुसरा कसायचा राहिला की चार गाण्यांत पहिला उलगडत जातो आणि पेडल खुळखुळ्यासारखे वाजू लागते.

कुरकुर आली की घरातली खोबरेल तेलाची बाटली उघडली जाते. तसे करू नका. बेळगावच्या थंडीत खोबरेल थिजते आणि चेनच्या कड्यांत मेणासारखे बसते. त्यावर मंडपातली धूळ आणि गुलाल. चेनला शिलाई मशीनचे तेल दोन थेंब, वरून कोरडे फडके. बंद बेअरिंगमध्ये तेल घालायचेच नसते. कुरकुर बहुतेक वेळा स्प्रिंगच्या हुकाची असते, तिथे नखाएवढे ग्रीस पुरते. खानापूरकडच्या पावसाळ्यात पेडल जमिनीवर ठेवू नये, चेन गंजते.

बिजागरीची पिन किंवा बुश झिजला तर पेडल टाकून देऊ नका. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करणारे आहेत, जुना नमुना नेला की नवा बुश वळून मिळतो. आट्या मात्र तपासून घ्या. काही पेडलांचे बोल्ट मेट्रिक, काहींचे इंची. जवळपासचा बोल्ट जोर लावून बसवला की ओतीव ॲल्युमिनियममधल्या आट्या गेल्याच. आणि पाटीलाच तडा गेला असेल तर साध्या वेल्डिंगच्या भानगडीत पडू नये, ओतीव ॲल्युमिनियमला ते धरत नाही.

बीटर कुठला? हॉलमध्ये, चर्चमध्ये फेल्टचा. उघड्या मंडपात, जिथे बाजूला डॉल्बी असते, तिथे प्लास्टिकचा. त्याचा टक् असा टोक असलेला आवाज गोंगाटातून बाहेर येतो. दोन्ही बाजू असलेला बीटर घेतला की प्रश्न मिटतो. प्लास्टिकची बाजू वापरणार असाल तर हेडवर चिकटवायचा पॅच लावल्याशिवाय वाजवू नये. ऑक्टापॅडला (इलेक्ट्रॉनिक तालवाद्याला) पेडलने वाजवायचा किक पॅड जोडणाऱ्या बँजो पार्ट्यांसाठी : जाळीच्या पॅडवर प्लास्टिकचा बीटर वापरा, फेल्टने जाळी घासून विरते. एका ठोक्याला दोन आवाज येत असतील तर आधी बीटर पॅडवर दाबून धरायची सवय पाहा, मग सेटिंगमधला मास्क टाइम (एका ठोक्यानंतर पॅड पुढचा ठोका घेत नाही तो क्षण) थोडा वाढवा. दर वेळी पेडलचा दोष नसतो.

पेडल पुढे सरकण्यावर उपाय दोरीचा नाही. प्लायवूडवरची सतरंजी पेडलसकट घसरते. रबरी पाठीचा 6 बाय 4 फुटांचा गालिचा घाला आणि पेडलच्या पोटाला वेल्क्रोची खरखरीत बाजू चिकटवा. ट्रॉलीवर बेस ड्रम त्याच्या पायांना बांधावा, पेडलला कधीच नाही.

दुहेरी पेडलची हौस वाढली आहे. दोन पेडलांमध्ये जोडसळी आणि तिला दोन युनिव्हर्सल सांधे असतात. स्वस्त मालात हे सांधे ढिले निघतात आणि डावा पाय कायम उशिरा बोलतो. तीन पायांचा हायहॅट (पायाने मिटवायच्या झांजजोडीचा) स्टँड असेल तर डावे पेडल ठेवायला जागाच उरत नाही. लेझीम, भक्तिगीते, कोळीगीते यांच्या ठेक्याला दुसऱ्या बीटरचे काम नाही. तेवढ्या पैशांत एक उत्तम सिंगल पेडल येते. 1909 साली शिकागोच्या लुडविग बंधूंनी आपला कारखाना काढला तोही चपळ चालणाऱ्या एका पेडलच्या जोरावरच.

मंडळांनी आणि मुख्याध्यापकांनी यंदा कोटेशनमधल्या त्या ओळीखाली एवढे लिहावे : ‘बेस ड्रम पेडल, सिंगल, चेनचे, गोल कॅम, बेस प्लेटसह, 1 नग. जादा स्प्रिंग 1, दोन बाजूंचा बीटर 1, ड्रम की 2, हेडचे पॅच 2. माल ड्रमला जोडून, वाजवून पाहिल्यावरच ताब्यात घेतला जाईल.’

आपला नम्र,
एक ड्रमवादक वाचक, शहापूर, बेळगाव