पन्नासपैकी चाळीस

म्युनिक,
दि. २२ मार्च

प्रिय सदाशिव,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याबद्दल आधी मनसोक्त रागावून घे आणि मग पुढे वाच. प्रकृती ठीक आहे. रक्तातली साखर जरा वाढली आहे, एवढेच. आज लिहायला बसण्याचे कारण असे की, गेल्या शनिवारी मी एक निकाल दिला, दिलेला निकाल फिरवला, आणि यांतले खरे कोणते हे सांगू शकेल असा माणूस मला साऱ्या बव्हेरियात दिसत नाही. प्रश्न बिअरचा आहे. तू माळकरी आहेस आणि या पेयाचा थेंबही कधी घेतलेला नाहीस, हे ठाऊक असूनही तुलाच विचारतो आहे, कारण खरे पाहता तो प्रश्न नाकाचा आहे.

इथे घरी बिअर बनवणाऱ्या हौशी मंडळींची एक लहानशी स्पर्धा होती आणि तिच्यात डॉपेलबॉकच्या टेबलावर मला नवशिका परीक्षक म्हणून बसवले होते. डॉपेलबॉक ही इथली कडक, गडद, दाट लागर, म्हणजे गारव्यात मुरवलेली बिअर. म्युनिकच्या पाउलानर मठातील संन्याशांनी ती लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासासाठी रूढ केली असे सांगतात. घन अन्न वर्ज्य असले तरी पेयाला मोकळीक होती, तेव्हा पावातले सत्त्व पेल्यात उतरवावे, अशी ती युक्ती. ‘डॉपेल’ म्हणजे दुप्पट. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच मालकीची आहे असे मी समजत होतो, पण इथल्या लोकांनी ती बाटलीत भरून ठेवलेली निघाली. (काकूंना हे वाचून दाखवू नकोस.) मठाच्या बिअरचे नाव ‘साल्वाटोर’, म्हणजे तारणहार, तिच्यात अल्कोहोल ७.९ टक्के. पुढे ते नाव राखीव झाले, तेव्हा इतरांनी आपापल्या बिअरना सेलेब्राटोर, माक्सिमाटोर, ऑप्टिमाटोर अशी त्याच शेपटीची नावे दिली. ‘बॉक’ म्हणजे बोकड, म्हणून सेलेब्राटोरच्या बाटलीच्या गळ्यात एक चिमुकला पांढरा बोकड लटकवलेला असतो. तुझ्या गळ्यात तुळस, तिच्या गळ्यात बोकड; दोघांचीही ओळख गळ्यावरूनच पटते.

परीक्षा पन्नास गुणांची असते. वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, जिभेवरच्या भरीवपणाला पाच आणि एकंदर प्रभावाला दहा. रूपाला फक्त तीन गुण, हे वाचून तुला आपले दोघांचे मुली पाहण्याचे दिवस आठवतील. तिथे हिशेब बरोबर उलटा होता. आमच्या टेबलावर तिघे होतो. मधल्या खुर्चीवर एक ज्येष्ठ गृहस्थ होते, ज्यांचे सारे आयुष्य बिअर बनवण्यात गेले आहे आणि जे पेला नाकाशी नेताना डोळे मिटतात, अगदी तुमच्या गुऱ्हाळावरचे तुकातात्या मिटत तसे.

चौथा नमुना आला. दिव्यासमोर धरला तेव्हा गडद तपकिरी रंगाच्या कडेला माणकासारखी झाक दिसली, वर साईच्या रंगाचा फेस होता. पेला नाकाशी नेला, आणि सदा, मी कागलला पोहोचलो. तुमच्या गुऱ्हाळावर, चुलवाणाशेजारी, पहाटे तीन वाजता. आधी भाजलेल्या पावाच्या कडेचा वास, मग काळ्या मनुकांचा, आणि त्यांच्या खालून वर येणारा काकवीचा. मी अधाशासारखे लिहीत सुटलो: समृद्ध, उबदार, खोल. वासाला बारापैकी अकरा. बेरीज चाळीस झाली.

ज्येष्ठांनी दिले होते एकोणतीस, तिसऱ्याने तेहेतीस. एका टेबलावरच्या गुणांत एवढी तफावत चालत नाही; बोलून जवळ यावे लागते. ते गृहस्थ आवाज न चढवता म्हणाले की, या बिअरला गोडी आहे, परंतु ती माल्टची नाही. चांगल्या डॉपेलबॉकची श्रीमंती म्युनिक माल्टमधून, म्हणजे मोड आणून जरा चढ्या आचेवर वाळवलेल्या सातूतून यायला हवी. जुन्या पद्धतीत भिजवलेल्या माल्टचा एक भाग काढून वेगळा उकळतात आणि पुन्हा मोठ्या भांड्यात ओततात. त्या उकळण्यात भाकरीच्या पापुद्र्याला येतो तसला खमंगपणा येतो. मग कित्येक आठवडे गारव्यात मुरवत ठेवतात, म्हणजे कडकपणा असूनही घसा जळत नाही. ‘इथे बनवणाऱ्याने घाई केली आहे,’ ते म्हणाले, ‘गोडी चढवणारा कॅरॅमल माल्ट भरमसाट घातला आहे, आणि शिवाय काहीतरी करपले आहे. भाजल्याचा पुसटसा भास चालतो, करप चालत नाही.’ मी मान डोलावली आणि चाळीसचे चौतीस केले.

पटले म्हणून केले की भिडेखातर, हेच मला कळेना. तुला माझा स्वभाव माहीत आहे. कॉलेजच्या निवडणुकीत मी तुझ्याविरुद्ध मत दिले ते का, यावर आपण दोन वर्षे बोललो नव्हतो. (आता पुन्हा ते उकरून काढू नकोस.) त्या बाटलीत निम्मी बिअर उरली होती, ती मागून घेतली आणि घरी आल्यावर फ्रिजमध्ये न ठेवता पेल्यात ओतून तशीच राहू दिली, कारण ही बिअर फार थंड असताना आपले दोष झाकते. तासाभराने घोट घेतला. गोडी जिभेला चिकटून बसली होती. तू म्हणायचास ना, की चांगला गूळ खाल्ला की आणखी खावासा वाटतो आणि वाईट खाल्ला की पाणी प्यावेसे वाटते? मी उठून पाणी प्यालो. गृहस्थ गोडीबाबत बरोबर होते.

पण वास अजूनही मला तितकाच प्रिय वाटत होता, आणि पुन्हा पुन्हा हुंगल्यावर ध्यानात आले की तो काकवीचा वास नाहीच. काकवीत करप नसते. तो त्या रात्रीचा वास आहे, आपल्या हातून काहील लागली त्या रात्रीचा.

आता जे लिहितो ते मी तीस वर्षे लिहिलेले नाही. तू डुलकी काढलीस म्हणून रस लागला, असे मी अण्णांना सांगितले, तुकातात्यांना सांगितले आणि तुझ्या लग्नात पंगतीतही सांगितले. तू खरोखरच डुलकी काढली होतीस. पण चुलवाणात चिपाडे सारायला मी बसलो होतो, आणि सिनेमाचा रात्रीचा खेळ आधीच चुकल्यामुळे, निदान रस लवकर आटून झोपायला मिळावे म्हणून, तात्या ‘जाळ मंद कर’ म्हणून गेल्यावर मी दोन मोठे कवळे एकदम आत लोटले. अण्णांचा मार तू खाल्लास. त्या करपलेल्या गुळाचा वास मला इतका गोड का वाटतो, हे मला सांगता येत नाही; त्याला बारापैकी अकरा गुण मात्र मी दिले आहेत आणि कागदावर सही केली आहे.

शरद ऋतूतल्या स्पर्धेसाठी त्यांनी मला पुन्हा बोलावले आहे. होकार कळवावा की नाही, हे ठरत नाही. आपल्या नाकात आधीच कोणी बसलेला असेल, तर त्या माणसाने दुसऱ्याच्या मेहनतीला गुण द्यावेत का? बनवणाऱ्या बिचाऱ्याला माझ्या कागदावर ‘समृद्ध’ आणि ज्येष्ठांच्या कागदावर ‘करप’ असे वाचायला मिळेल. त्याने काय समजायचे?

मुलीचे बारावीचे पेपर कसे गेले ते कळव. विहिरीला पाणी लागले, हे भाऊंकडून समजले, बरे झाले. वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

एक काम कर. यंदाचे गुऱ्हाळ बंद होण्यापूर्वी एक बाटली चांगल्या काकवीची आणि एक बाटली मुद्दाम किंचित लागलेल्या रसाची भरून ठेव. चिठ्ठ्या लावू नकोस, फक्त बुडाला खूण कर. मे महिन्यात येतो आहे. डोळे मिटून हुंगेन आणि कोणती कोणती ते सांगेन. चुकलो तर इथे नकार कळवीन. जाळ त्या वेळी तूच घाल.

तुझा,
वसंत