दप्तर खाली उतरवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

धाकटी दहावी पास झाली, तीही पहिल्याच खेपेला आणि सोळाव्या वर्षी. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या भावकीत आजवर एकाही मुलीची दहावी वेळेवर झालेली नव्हती. निकालाला आठवडा लोटला, तरी तुमचे नाव निघाले की आईचे डोळे भरून येतात.

दिवाळी सरताच बीड जिल्ह्यातली आमच्यासारखी कुटुंबे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि हंगाम आटोपून परततात, तोवर फेब्रुवारी-मार्चमधली बोर्डाची परीक्षा बहुधा होऊन गेलेली असते. शिक्षण हक्क कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच. पुढे मुलांना गावी कुणाच्या भरवशावर ठेवायचे, हे बहुतेकदा ज्याचे त्याने पाहायचे. माझ्या वेळी घरच्यांना ते जमले नाही. फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लावता यावा म्हणून माझ्या शाळेने मला ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’, म्हणजे शाळेबाहेरून खासगी परीक्षेला बस, असे सांगून मोकळे केले आणि दहावी व्हायला मला एकोणिसावे वर्ष उजाडले. हजेरीपटावरून नाव गेले, पण विचारपूस करायला कुणी आमच्या दारापर्यंत आले नाही, हे आजही सलते.

तुम्ही आलात. त्या रात्री ट्रॉलीत भांडी, पत्रे, सरपण चढवून झाले होते आणि घागरीशेजारी धाकटीचे दप्तर बांधलेले होते. तुम्ही वडिलांना काहीच समजावत बसला नाहीत, गाठ सोडून दप्तर खाली घेतलेत, पदराने पुसलेत आणि आजीच्या मांडीवर ठेवून म्हणालात, “हे इथंच राहू द्या. संध्याकाळी मी येत जाईन.” वयात आलेली मुलगी थकलेल्या आजीपाशी ठेवताना आईच्या पोटात उठणारा गोळा तुम्ही न विचारता ओळखला होता, आणि शेवटच्या पेपरापर्यंत तुमची एकही संध्याकाळ चुकली नाही.

हे काम कोणत्याही शासन आदेशात लिहिलेले नसते, त्याचा भत्ता मिळत नाही, ते केले नाही म्हणून कुणी जाबही विचारत नाही. तरीही गावोगावी अशी माणसे आहेत म्हणून आमच्यातली काही मुले वर्गात टिकून आहेत.

येत्या रविवारी आई तुमच्याकडे येणार आहे. तिला तिथे बोलणे जमणार नाही, म्हणून तिच्या वतीने हे सर्वांसमोर लिहिले आहे.

आपला कृतज्ञ,
धाकटीचा मोठा भाऊ