फोटो पाठमोरा, आरसा समोर

अत्लिस्को, पुएब्ला (मेक्सिको)
५ नोव्हेंबर

ती. काका आणि ती. सौ. काकू यांना,
शि. सा. न. वि. वि.

काकू, तू विचारलं होतंस की माणूस गेल्यावर पहिल्या वर्षी इथे घरात जी पांढरी आरास मांडतात ती नेमकी कशी असते, आणि आजीच्या वर्षश्राद्धाला त्यातलं काही करता येईल का. करता येईल. मापांसकट लिहिते, म्हणजे सामान आणताना अंदाज चुकणार नाही. काका, झेंडूचं तुमच्यासाठी शेवटी लिहिलंय.

ही पद्धत वाकेचुला या गावातली, ‘मृतांचा दिवस’ या सणाची; त्या दिवसांत गेलेली माणसं घरी भेटीला येतात असं मानतात. हे गाव अत्लिस्कोजवळ, पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या पायथ्याच्या बाजूला. आपलं पुणं साडेअठरा अक्षांशावर आणि वाकेचुला पावणेएकोणीसवर, म्हणजे ऑक्टोबरातला दिवस दोन्हीकडे जवळपास सारखाच लांब. २८ ऑक्टोबरच्या आधी वर्षभरात घरातलं कोणी गेलं असेल तर त्याच्यासाठी ही मोठी ओफ्रेंदा, म्हणजे नैवेद्याची आरास, उभी राहते. २८ नंतर गेलेल्याचा मान पुढच्या वर्षी. अपघाताने गेलेले २८ ऑक्टोबरला येतात, लहान मुलं ३१ ऑक्टोबर-१ नोव्हेंबरला, मोठी माणसं १-२ नोव्हेंबरला. आपल्या पितृपक्षात शस्त्राने-अपघाताने गेलेल्यांसाठी चतुर्दशी राखून ठेवलेली असते आणि अविधवा नवमी वेगळी असते, तशीच ही विभागणी.

आरास तीन पायऱ्यांची. खालची पायरी म्हणजे हे जग: फोटो, जेवण, पाणी, आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून रडणारी लहान मुलांची मातीची चित्रं. त्यांना योरोनसितोस म्हणतात, म्हणजे रडवी बाळं. मधली पायरी स्वर्गाची, तिथे देवदूत आणि मेरी. सगळ्यात वर क्रूस. सगळं पांढऱ्या साटनने मढवलेलं, कित्येक घरांत पार छताला टेकलेलं. हे काम करणारे गावातले कसबी लोक वेगळे असतात आणि ऑक्टोबरभर त्यांना उसंत नसते.

सगळ्यात मोलाची गोष्ट मला फोटोची वाटते. तो खोलीकडे पाठ करून ठेवतात आणि त्याच्यासमोर आरसा उभा करतात. गेलेलं माणूस आता सरळ दिसायचं नाही, फक्त प्रतिबिंबात दिसायचं. दारातून आलेला माणूस आधी फोटोची पाठ बघतो, मग दोन पावलं पुढे येऊन थोडा वाकतो, आणि मग चेहरा दिसतो. आपण फोटोला हार घालून भिंतीवर टांगतो आणि सहा महिन्यांत त्याच्याकडे पाहणंच बंद होतं. इथे पाहण्यासाठी जागा बदलावी लागते, म्हणून पाहिलं जातं.

आता घरी कसं करायचं ते. खाली चार फूट रुंद, अडीच फूट खोल टेबल. त्यावर मागच्या कडेला टेकवून तीन फूट रुंद, एक फूट खोल, दीड फूट उंच खोकं. त्यावर दीड फूट रुंद, फूटभर खोल आणखी एक छोटं खोकं. खोकी पुठ्ठ्याची चालतील, पण आत जुन्या वह्या-पुस्तकांचं वजन घाला, नाहीतर कापड ताणताना पुढे सरकतात. आधी सगळ्याला मांजरपाटाचं अस्तर टाचून घ्या. साटन नुसत्या पुठ्ठ्यावर घसरतं आणि टाचणी धरत नाही. चुण्यांसाठी कापड जागेच्या दुप्पट लागतं. खालच्या पायरीची पुढची बाजू आणि दोन्ही कुशी मिळून नऊ फूट, म्हणजे साडेपाच मीटर. मधलीला तीन, वरचीला दोन-सव्वादोन. बारा मीटर आणलंस तर पुरून थोडं उरेल. चुण्या मधोमध सुरू करून दोन्हीकडे न्यायच्या. कोपऱ्यातून सुरुवात केली की दुसऱ्या टोकाला कापड एकतर उरतं नाहीतर कमी पडतं, आणि मग सगळं उसवावं लागतं. इस्त्री उलट बाजूने, कमी आचेवर.

आरशाची चूक बहुतेक सगळ्यांची होते. फोटो आरशाला चिकटवून ठेवला तर त्याची पाठच प्रतिबिंब झाकते. टेबलावर वीतभर उंचीचा फोटो असेल आणि माणूस दोन मीटरवर उभा असेल, तर फोटो आणि आरसा यांत फूटभर तरी अंतर हवं. आरसा फोटोच्या दीडपट उंच घ्या आणि मधल्या खोक्याला टेकवा. खाली सतरंजीवर बसणाऱ्यांना मात्र तरीही दिसणार नाही, त्यांची नजर टेबलाच्या पातळीला येते. बसून विधी करायचा असेल तर टेबल काढून खालची पायरी पाटांची करा. मेणबत्त्या आणि समया जमिनीवर, कापडापासून हातभर लांब. साटन क्षणात पेटतं, आणि मेणाचा डाग निघत नाही.

धुपासाठी इथे कोपाल जाळतात. हा एका झाडाचा डिंक, आणि ते झाड आपल्या गुग्गुळाच्याच कुळातलं आहे, तेव्हा गुग्गुळ वापरलास तर परकं काही होणार नाही. निखाऱ्यावर करडी राख धरल्याशिवाय टाकायचा नाही, आणि एका वेळी वाटाण्याएवढाच. जास्त टाकला की निखारा गुदमरतो, काळा धूर होतो आणि पांढऱ्या कापडावर काजळी बसते.

वर टांगायला कोरलेल्या कागदाच्या पताका असतात. त्यांचं गाव सान साल्वादोर विस्कोलोत्ला, हेही पुएब्लातच. पतंगाच्या कागदासारखे पातळ कागद पन्नास-पन्नासांच्या गठ्ठ्याने घेतात, वर नमुना ठेवतात, खाली शिशाची लादी, आणि छिन्नी-हातोडीने कोरतात. शिसं मऊ असल्याने छिन्नीची धार बोथट होत नाही. बारीक भोकं आधी, मोठी नंतर, कारण मोठा तुकडा आधी निघाला तर कागदाचा जोर जातो आणि शेजारची नक्षी फाटते. पोरांना करायचं असेल तर आठ-दहा कागद आणि कटर पुरे. हे कागद वाऱ्याच्या झुळकीने हलले की आलं आपलं माणूस, असं म्हणतात.

जेवणात त्या माणसाला आवडायचं ते. शिवाय मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा), चॉकलेट, पेरू, आणि ओहाल्द्रा नावाचा गोड पाव, ज्यावर हाडांच्या आकाराच्या पट्ट्या असतात. दार उघडं असतं. अनोळखी माणूसही मेणबत्ती किंवा फुलं घेऊन आत येतो, क्षणभर उभा राहतो, आणि त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. घरच्या बायका दोन दिवस चुलीशीच असतात. रडू येतं ते कांदा चिरताना, मिरच्या भाजताना येऊन जातं. मला वाटतं ही सगळी आरास त्यासाठीच इतकी कष्टाची ठेवली आहे. दुःखाला दोन हात, एक तारीख आणि बारा मीटर कापड दिलं की ते माणसाला कोपऱ्यात बसवून ठेवत नाही. आपल्याकडे हल्ली श्राद्ध हॉलवर होतं, स्वयंपाक बाहेरून येतो, गुरुजी सांगतील तिथे पाणी सोडायचं. मंत्र जसेच्या तसे राहिले, पण घरच्यांच्या हातून काम निघून गेलं. काकू, आजीचा स्वयंपाक घरीच कर. निदान वडे तरी.

मेल्यावर काय, याबद्दल इथल्या जुन्या लोकांचं म्हणणं आपल्यापेक्षा फार वेगळं होतं. स्पॅनिश येण्याआधीच्या, नावात्ल भाषा बोलणाऱ्या लोकांच्या श्रद्धेत माणूस कसा जगला यावर त्याची पुढची जागा ठरत नसे; तो कसा गेला यावर ठरे. युद्धात मेलेले आणि बाळंतपणात गेलेल्या बायका सूर्यासोबत. बुडून गेलेले पावसाच्या देवाच्या हिरव्या मुलखात. तान्ही बाळं एका झाडाखाली, ज्याच्या फांद्यांतून दूध ठिबकतं. आणि म्हातारपणाने, साध्या आजाराने गेलेले बाकीचे सगळे मिक्त्लानला, नऊ टप्प्यांच्या, चार वर्षांच्या वाटेने. तिथे शिक्षा नाही आणि बक्षीसही नाही. वाटेत एक नदी लागते आणि ती कुत्रा पार करून देतो. सोळाव्या शतकात साआगून नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने इथल्या जाणत्यांकडून हे लिहून घेतलं. पांढरा कुत्रा म्हणतो, मी आत्ताच अंग धुतलंय. काळा म्हणतो, मला डाग लागलाय. नेतो तो तांबूस कुत्राच. आपणही पितरांच्या पानातला घास कावळ्याबरोबर कुत्र्याला काढतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही हे ठाऊक आहे, तरी सारखेपणा पाहून मन थांबतं.

कर्माचा हिशेब नसलेल्या या परलोकाने त्या लोकांना फार एकाकी केलं असणार. मग जगण्याला अर्थ कुठून आणायचा? पंधराव्या शतकातला तेस्कोकोचा राजा नेसावालकोयोत्ल, १४०२ ते १४७२ हा त्याचा काळ, त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या कवितांत हाच प्रश्न फिरून फिरून येतो: इथला मुक्काम थोडा, मग मागे काय राहील? त्यांच्या भाषेत दोन शब्द जोडून तिसराच अर्थ करायची रीत होती, आपण ‘मीठभाकर’ म्हणतो आणि त्यात साधं जेवण आणि त्यामागची आपुलकी दोन्ही येतं, तशी. ‘फूल आणि गाणं’ हे दोन शब्द एकत्र आले की अर्थ व्हायचा काव्य, कला. फूल कोमेजतं आणि गाणं संपतं, हे माहीत असूनच त्यांनी कलेला हे नाव दिलं. वाकेचुलाची आरास हेच करते. इतके दिवस खपून उभं केलेलं सगळं दोन-तीन दिवसांत उतरवतात. नैवेद्य शेजाऱ्यांत वाटतात आणि सांगतात, चव गेली असेल हं, वास-रस पाहुणा घेऊन गेला.

काकू, कवट्या मात्र आणू नकोस. दुकानातल्या रंगीत कवट्या पाहून लोकांना वाटतं तेच मुख्य. मेक्सिको शहरातली मोठी मिरवणूकसुद्धा २०१६ पासूनची, एका इंग्रजी चित्रपटातल्या दृश्यावरून सुचलेली. आजीसाठी तीन पायऱ्या, आरसा, तिची पानाची चंची आणि घरचं जेवण एवढं पुष्कळ आहे.

काका, आता फुलाचं. झेंडू मूळचा याच देशातला. आपल्या दसऱ्याच्या तोरणापर्यंत तो समुद्रावरून आला, बहुधा पोर्तुगीजांबरोबर. इथलं नाव सेंपासुचिल. मूळ नावात्ल शब्दाचा अर्थ ‘वीस-फूल’, म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचं. रस्त्यापासून आराशीपर्यंत पाकळ्यांची वाट घालतात, गेलेल्याला रंगाने आणि वासाने घर सापडावं म्हणून. पाकळ्या आदल्या संध्याकाळी सुट्या करायच्या आणि पसरून ठेवायच्या. ओल्या ढिगाने ठेवल्या तर आत उष्णता धरते आणि सकाळी काळ्या पडतात. झेंडूसोबत कोंबड्याचे तुरेही असतात. त्यांच्या इथल्या नावाचा अर्थ ‘मखमल’, आणि आपण तेच नाव बारक्या झेंडूला दिलंय.

पेरणी जूनअखेर ते जुलै, पावसावर. दिवस लहान व्हायला लागले की झेंडू फुलावर येतो, हे तुम्हाला सांगायला नको. लवकर पेरला तर झाड नुसतं उंच जातं आणि सप्टेंबरच्या पावसात लोळतं, उशीर झाला तर सणाला फुटवे कमी आणि फुलं लहान. देशी वाण छातीइतका वाढतो. बाजारात हल्ली कुंडीतले बुटके संकरित जास्त दिसतात. दिसायला गच्च, पण त्यांचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच फूल मिळत नाही. जुने शेतकरी म्हणून देशी वाण सोडत नाहीत. पहिली मोठी, भरगच्च फुलं तोडत नाहीत, देठावरच तपकिरी होऊ देतात, मग सावलीत वाळवतात. पूर्ण काळं झालेलं बी ठेवायचं, फिकट टाकायचं.

बी पाकिटात घालून पाठवा म्हणाल, पण तसं पाठवता येत नाही. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि ते योग्यच आहे. तुमच्याकडे त्या जुन्या उंच पिवळ्या झेंडूचं बी अजून असेल तर या दिवाळीनंतर चार झाडं राखून ठेवा, तोडू नका. आजीच्या वर्षश्राद्धाला ताजी फुलं मिळाली नाहीत तर त्याच झाडांच्या वाळलेल्या पाकळ्या चालतील. कोमट पाणी शिंपडलं की थोडा वास परत येतो.

आरशाचं माप घेतलंस की मला फोनवर सांग, काकू. फोटो कुठे ठेवायचा ते मोजून सांगते.

कळावे, लोभ असावा.

तुमची
मेधा